‘वाघ दिसला का?’ : पेंचच्या वनसहलीतील तीन क्रियापदे

नागपूरच्या एखाद्या कुटुंबाने दोन दिवसांची सुटी पेंचच्या अरण्यात घालवून परतावे आणि शेजाऱ्याने पहिला प्रश्न ‘वाघ दिसला का?’ हाच करावा, हा या शहरातील इतका नित्याचा प्रसंग आहे की, त्या प्रश्नाच्या रचनेकडे कोणाचे सहसा लक्ष जात नाही. ‘ताजमहाल पाहिलात का?’, ‘ते नाटक पाहिलेत का?’ असे विचारणारा माणूसही वाघाच्या बाबतीत क्रियापद बदलतो. इमारत पाहावयाची असते, नाटक पाहावयाचे असते. वाघ मात्र दिसावयाचा असतो. हा भेद केवळ सवयीचा नाही. वन्य प्राणी आणि त्याला पाहू इच्छिणारा मनुष्य यांच्यातील संबंधाची एक विशिष्ट कल्पना त्यात साठवलेली आहे. नदीकाठच्या वनविश्रामगृहात वा लॉजमध्ये सुटी घालवून प्राणी पाहण्याचा जो व्यवहार गेल्या काही दशकांत विदर्भात रूढ झाला, त्याचे स्वरूप ‘दिसणे’, ‘पाहणे’ आणि ‘दाखवणे’ या तीन क्रियापदांच्या आधारे उलगडून दाखवणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. तीन क्रियापदांचा भेद

‘मला वाघ दिसला’ या वाक्यात क्रियापद वाघाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. वाघीण असल्यास ‘दिसली’, पिल्ले असल्यास ‘दिसली’, अस्वल असल्यास ‘दिसले’. ज्याला दर्शन घडले तो चतुर्थीत, म्हणजे काहीतरी मिळणाऱ्याच्या जागी, उभा असतो. ‘मला पत्र मिळाले’ आणि ‘मला वाघ दिसला’ यांची घडण एकच आहे. इंग्रजी वाक्यात पाहणारा हाच कर्ता असतो. मराठीत या प्रसंगी तो केवळ अनुभव घेणारा ठरतो. ही रचना मराठीची एकटीची नव्हे. हिंदीत ती आहे, तशीच तेलुगू व कन्नड या द्राविडी भाषांतही आहे. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषाक्षेत्र असल्याची कल्पना मांडली. त्या क्षेत्राच्या लक्षणांत पुढे या चतुर्थ्यन्त अनुभवकाचाही समावेश करण्यात आला.

व्युत्पत्तीही या अर्थाला पोषक आहे. संस्कृत ‘दृश्यते’, म्हणजे ‘पाहिले जाते’, या कर्मणी रूपापासून प्राकृत ‘दिस्सइ’ व त्यापासून मराठी ‘दिसणे’ आले. पाहणाऱ्याला कर्तेपणाच्या जागेवरून बाजूला ठेवण्याची वृत्ती या धातूत मुळापासूनच होती.

‘पाहणे’ हे याहून निराळे. ते प्रयत्नाचे क्रियापद आहे. ‘पाहा’ अशी आज्ञा करता येते. पाहणाऱ्याला उद्देशून ‘दिस’ अशी आज्ञा करता येत नाही. ‘मी मुद्दाम पाहिले’ हे वाक्य सरळ आहे. पण ‘मला वाघ मुद्दाम दिसला’ असे म्हटल्यास तो मुद्दामपणा वाघाच्या पदरी जातो. ‘तासभर पाहिले, पण काही दिसले नाही’ या वाक्यात कोणताही विरोध नाही. अरण्यातील बहुतेक तासांचे ते यथार्थ वर्णनच होय. पाहणे माणसाच्या हाती आहे आणि दिसणे त्याच्या हाती नाही, हा अनुभव मराठी भाषकाने असा दोन धातूंत वाटून ठेवला आहे.

तिसरे क्रियापद ‘दाखवणे’. तेही ‘दृश्’ याच कुळातले असून प्राकृत ‘दक्खव’ या प्रयोजक रूपापासून आलेले आहे. मात्र येथे एक तिसरी व्यक्ती प्रवेश करते. ‘वाटाड्याने आम्हांला वाघ दाखवला’ या वाक्यात कर्ता वाटाड्या असून पाहणारा आणि वाघ हे दोघेही त्याच्या अधीन आहेत. पहिल्या वाक्यात वाघाला असलेले स्थान येथे उरत नाही. वनपर्यटनाचा अलीकडचा इतिहास हा बऱ्याच अंशी पहिल्या क्रियापदाकडून तिसऱ्या क्रियापदाकडे झालेला प्रवास आहे.

२. चाहुलीची भाषा

अरण्यात डोळ्यांचे काम बहुधा शेवटी येते. प्रथम आवाज येतो, वास येतो, वाटेच्या धुळीत पाऊल उमटलेले असते. या सर्व अनुभवांसाठी मराठीत जे वाक्प्रयोग आहेत ते पाहिले असता एक लक्षणीय गोष्ट दिसून येते. चाहूल लागते, सुगावा लागतो, माग लागतो, वास येतो, ऐकू येते. या प्रत्येक प्रयोगात माणूस पुन्हा चतुर्थीतच आहे. अपवाद ‘माग काढणे’ याचा. तेथे मनुष्य कर्ता होतो, कारण ते शिकाऱ्याचे व पारध्याचे काम होते.

यांपैकी ‘चाहूल’ या शब्दाची व्याप्ती विशेष आहे. जे अजून दिसलेले नाही, परंतु येत आहे, त्याची झालेली जाणीव म्हणजे चाहूल. झाडावरच्या वानराला उंचीमुळे दूरवरचे दिसते. खाली चरणाऱ्या चितळांना गंध अधिक कळतो. वानरांनी पाडलेला पाला व फळे चितळ खातात आणि धोक्याच्या वेळी दोघे परस्परांच्या हाकेचा लाभ घेतात. वानर खाकरले, चितळाने आवाज दिला, त्यापाठोपाठ सांबराची हाक आली, म्हणजे हिंस्र प्राणी जवळ असावा असे अनुभवी वाटाड्या अनुमान करतो. तिघांत सांबराच्या हाकेवर तो अधिक विसंबतो. कोणत्या प्राण्याने, कोणत्या दिशेस तोंड करून, किती वेळा आवाज दिला, यावरून तो एक वाक्यच वाचीत असतो. पर्यटकांच्या वाहनात मात्र या सर्वांसाठी आता ‘कॉल’ हा एकच शब्द उरला आहे. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या आवाजांच्या यादीत वाघाची डरकाळी, मोराची केका, कोल्ह्याची कोल्हेकुई सापडते; चितळाच्या वा सांबराच्या धोक्याच्या हाकेला तेथे सहसा जागा नसते. प्रमाण भाषा नगराच्या कानाने घडल्याचा हा परिणाम होय.

ऐकणेही भाषेच्या साच्यातूनच होते, याचे उत्तम उदाहरण पावशा. उन्हाळ्याच्या अखेरीस या पक्ष्याचा चढत जाणारा सूर कानी येऊ लागतो. मराठी शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येते, हिंदी भाषकाला ‘पी कहाँ’ असा विरहिणीचा प्रश्न ऐकू येतो, तर इंग्रजाला त्याच सुरात ‘ब्रेन फीव्हर’, म्हणजे मेंदूज्वर, ऐकू आला. पक्षी एक, स्वर एक. परंतु एकाला पेरणीची घाई आहे, दुसऱ्याला प्रियकराची ओढ, तिसऱ्याला उष्ण देशातील आजाराची धास्ती. घोळक्याने फिरणाऱ्या ज्या पक्ष्यांना मराठी व हिंदी ‘सातभाई’ म्हणतात, त्यांना इंग्रजीत ‘सात बहिणी’ म्हणतात, हेही येथे आठवावे.

३. नदी, डोह आणि झिरा

पेंच नदी छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावून दक्षिणेकडे वाहते. तिच्या दोन्ही अंगांस पसरलेले अरण्य आज मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांत विभागले आहे. महाराष्ट्रातील भागास १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नागपूरहून सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या सिल्लारी येथे प्रवाशांच्या निवासाची सोय आहे; कोलितमारा येथून नौकेत बसून नदीच्या पात्रातून अरण्य पाहण्याचीही प्रथा पडली आहे.

उन्हाळ्यात या नदीचा प्रवाह तुटतो आणि पात्रात ठिकठिकाणी खोल पाणी साचून राहते. त्या पाण्याला ‘डोह’ म्हणतात. वन्य प्राण्यांचे उन्हाळ्यातील जीवन या डोहांवर अवलंबून असते. म्हणून ज्याला डोह ठाऊक आहेत त्याला वाघ दिसण्याचा संभव अधिक. जमिनीतून पाझरणारे पाणी म्हणजे झिरा. गोंदिया–भंडारा भागातील नागझिरा या अभयारण्याच्या नावात तो आहे. पूर्व विदर्भातील लहान तळे म्हणजे बोडी. नवेगावबांध या नावातील ‘बांध’ तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या कौशल्याची साक्ष देतो. या भूभागातील स्थलनामे म्हणजे पाणवठ्यांची एक सूचीच आहे. नकाशा हाती नसलेल्या माणसाने ती नावे ऐकावीत आणि पाणी कोठे मिळेल ते ओळखावे, इतकी ती बोलकी आहेत.

तोतलाडोह हे नाव आज प्रामुख्याने धरणाचे नाव म्हणून ऐकू येते. नाव डोहाचे, पाणी जलाशयाचे, अशी ही स्थिती आहे. जलाशयातून बाहेर डोकावणाऱ्या वठलेल्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले दिसतात. याच नदीवर खाली नवेगाव खैरी येथे दुसरे धरण आहे आणि त्यातून नागपूर शहराला पिण्याचे पाणी मिळते. सुटी संपवून घरी आलेला नागपूरकर ‘वाघ दिसला नाही’ असे खेदाने सांगतो आणि नळाचे पाणी पितो. ज्या अरण्याने ते पाणी राखले, ते त्याला त्या पेल्यात दिसत नाही. न दिसणारी वस्तू नसतेच असे मानण्याची चूक भाषेपेक्षा भाषकाचीच अधिक आहे.

४. परत आलेले शब्द

या सुटीच्या परिभाषेतील बरेचसे शब्द इंग्रजीतून आले, असे वरवर वाटते. वस्तुतः त्यांतील काही येथून गेले आणि अर्थ बदलून परतले. संस्कृत ‘जाङ्गल’ याचा अर्थ दाट अरण्य असा नव्हता. आयुर्वेदात देशाचे जाङ्गल, आनूप व साधारण असे भेद केले आहेत. त्यांत जाङ्गल म्हणजे विरळ झाडीचा, कोरडा, मोकळा प्रदेश आणि आनूप म्हणजे पाणथळ प्रदेश. देशी भाषांत ‘जंगल’ म्हणजे सर्वसाधारण वन झाले. इंग्रजीत गेल्यावर त्याला दमट, दुर्भेद्य, भयप्रद गुंताड्याचा अर्थ चिकटला. त्या इंग्रजी जंगलाची अपेक्षा मनात घेऊन आलेला प्रवासी पेंचची पानझडी, उन्हाळ्यात उघडी पडणारी सागवनराई पाहून निराश होतो. परंतु मूळ संस्कृत अर्थाशी या वनाचे नाते अधिक जवळचे आहे.

‘सफारी’ची कथा अशीच. अरबी ‘सफर’, म्हणजे प्रवास, हा शब्द फारसीच्या द्वारे मराठीत शतकांपूर्वी आला. तोच शब्द अरबीतून पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत गेला, तेथून इंग्रज शिकाऱ्यांनी उचलला आणि आता पर्यटनासह पेंचला पोचला. एकाच घराण्याचे दोन शब्द निरनिराळ्या वाटांनी येऊन शेजारी राहत आहेत आणि परस्परांना ओळखीत नाहीत. ‘पगमार्क’ या संकरित शब्दाचा पूर्वार्ध हिंदी ‘पग’ असून तो इंग्रजीची वारी करून आला आहे. पावलांच्या ठशांवरून वाघांची गणना करण्याची पद्धत मागे पडून २००६ पासूनच्या गणनांत स्वयंचलित छायाचित्रांवर भर देण्यात आला. पट्ट्यांची ठेवण प्रत्येक वाघाची वेगळी असते, हे तिचे अधिष्ठान.

अरण्याविषयीची अपेक्षाही अशीच पुस्तकातून आली. किपलिंगचे ‘जंगल बुक’ १८९४ चे. त्यातील सिवनीचे अरण्य पेंचच्या परिसरातले. परंतु किपलिंगने ते स्वतः पाहिले नव्हते. स्टर्नडेलच्या १८७७ च्या पुस्तकासारख्या लेखनावर त्याने भिस्त ठेवली. भालू, बघीरा, हाथी ही त्याच्या पात्रांची नावे हिंदुस्तानी शब्दांवरून घेतलेली आहेत, आणि आज तीच नावे येथे पाट्यांवर परत आली आहेत. ज्याला हे वन दिसले नव्हते त्याने ते जगाला दाखवले.

५. नाव घेणे आणि नाव ठेवणे

ज्या समाजाचे जीवन अरण्याला लागून आहे, तो हिंस्र प्राण्याचे नाव सहज उच्चारीत नाही. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून ‘जनावर’ वा ‘लांबडे’ म्हणण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. वाघाला ‘वाघोबा’ म्हणून देवत्व दिले गेले आहे. रशियनसारख्या स्लाव भाषांत अस्वलाचे मूळ नाव लोपून ‘मध खाणारा’ अशा अर्थाचा शब्द रूढ झाला, हे याच वृत्तीचे उदाहरण होय. येथे नाव टाळणे हे अंतर राखण्याचे साधन आहे.

पर्यटनाने याच्या उलट रीत आणली. वनखात्याच्या नोंदीत वाघाला अक्षर व अंक मिळतो आणि पर्यटकांच्या तोंडी त्याचे विशेषनाम होते. पेंचच्या मध्य प्रदेशातील भागात ‘कॉलरवाली’ या नावाने ओळखल्या गेलेल्या वाघिणीने २९ पिल्लांना जन्म दिला. जानेवारी २०२२ मध्ये तिचा मृत्यू झाला तेव्हा लोकांनी माणसासारखा शोक केला. ताडोबातील एका प्रसिद्ध नराला ‘वाघडोह’ हे तेथील स्थळाचेच नाव मिळाले. डोहाने वाघाला नाव द्यावे, ही या परंपरेशी सुसंगत गोष्ट. नागझिऱ्यात जन्मून उमरेड–कऱ्हांडल्याच्या वनात आलेला ‘जय’ एप्रिल २०१६ नंतर दिसेनासा झाला, तेव्हा त्याच्या नावाने शोधमोहिमा निघाल्या. नाव मिळाल्यामुळे प्राण्याविषयी जिव्हाळा उत्पन्न होतो, हे नाकारता येत नाही. एका अनामिक वाघासाठी इतके लोक हळहळले नसते. परंतु विशेषनाम मिळताच तो प्राणी ‘दाखवण्याजोगा’ही होतो. ‘वाघ दिसला’ एवढ्यावर समाधान न होता ‘अमुक वाघीण दाखवा’ अशी मागणी सुरू होते.

६. ‘दाखवा’ या आज्ञेचे परिणाम

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची व तिच्या पाच पिल्लांची वाट अडवली. त्या प्रसंगाची चित्रफीत प्रसृत झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतः होऊन दखल घेतली. दोष केवळ चालक व वाटाडे यांच्यावर ठेवून हा विषय संपत नाही. मोल देऊन आलेला प्रवासी ‘दाखवा’ म्हणतो, आणि ज्याची उपजीविका त्या समाधानावर अवलंबून आहे त्याला ‘दिसेल तर दिसेल’ असे म्हणण्याची मुभा उरत नाही. गाभा क्षेत्रातील पर्यटनावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये तात्पुरती बंदी घातली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती उठली आणि त्या सुमाराच्या मार्गदर्शक तत्त्वांनी पर्यटनास गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागापुरती मर्यादा घातली. नियम वाहनांची संख्या ठरवू शकतो. क्रियापद बदलण्याचे काम त्याला साधत नाही.

हा वाटाड्या बहुधा अरण्याच्या कडेच्या गावचा असतो. घरी तो गोंडी, मराठीची एखादी बोली किंवा हिंदी बोलतो. वाहनात बसताच ‘साइटिंग’, ‘कॉल’, ‘मेल’, ‘फीमेल’, ‘कोअर’, ‘बफर’ ही परिभाषा वापरतो. त्याच्या घरच्या भाषेत पाणी म्हणजे ‘येर’, वाघ म्हणजे ‘पुल्ली’ आणि पक्षी म्हणजे ‘पिट्टे’ असते. यातील शेवटच्या शब्दाचे तेलुगू भावंड ‘पिट्ट’ पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी उचलले आणि मराठीत ज्याला नवरंग म्हणतात त्या पक्ष्याच्या प्रजातीचे ते शास्त्रीय नाव झाले. लॅटिन भासणारे ते नाव वाटाड्याच्या आजीच्या तोंडी असलेल्या शब्दाचे सख्खे आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि त्याच्या शब्दाला जे मोल शास्त्राने दिले ते पर्यटन देत नाही.

मराठीपुरते बोलावयाचे तर या दिशेने सर्वांत मोठे कार्य मारुती चितमपल्ली यांचे. १९३२ मध्ये सोलापूर येथे जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने विदर्भाच्या अरण्यांत राहून आदिवासींकडून व वनवासी सोबत्यांकडून शब्द गोळा केले, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द दिले. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. पूर्व विदर्भातील झाडीबोलीच्या अभ्यासाला हरिश्चंद्र बोरकर यांनी वाहून घेतले. जिचे नावच झाडीवरून पडले त्या बोलीत अरण्याचे शब्द विपुल असावेत हे उघड आहे.

७. अभ्यासकांपुढील कार्य

या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाला नागपूर हे अत्यंत सोयीचे स्थळ आहे. सुटीसाठी पेंच, नागझिरा वा उमरेड येथे जाणाऱ्या विद्यार्थ्याने पुढील चार गोष्टींची नोंद करावी. पहिली, चाहुलीचे शब्द : प्रत्येक प्राण्याच्या धोक्याच्या हाकेला वाटाड्याच्या घरी काय म्हणतात. दुसरी, पाण्याची नावे : डोह, झिरा, बोडी यांखेरीज कोणते भेद केले जातात आणि ती स्थळे आज आहेत की बुडाली. तिसरी, टाळलेली नावे : कोणत्या वेळी, कोणासमोर, कोणत्या प्राण्याचे नाव घेत नाहीत. चौथी, दिसणे–पाहणे–दाखवणे यांचा वापर : वाटाडे आपसांत कोणते क्रियापद योजतात आणि पर्यटकांशी कोणते. नोंद वाहनात करू नये. वाहनात त्याची दुसरी भाषा चालू असते. संध्याकाळी, त्याचे काम संपल्यावर, त्याच्या अंगणात करावी, आणि ज्याच्याकडून शब्द मिळाला त्याचे ऋण नोंदवावे.

शब्द जपल्याने वाघ वाचेल असा दावा येथे नाही. वाघ वाचण्यास वन, पाणी आणि भक्ष्य लागते. परंतु ज्याच्याजवळ ‘चाहूल’ हा शब्द आणि त्यामागचा अनुभव आहे, तो वाघ न दिसलेल्या सकाळीही रिकाम्या हाताने परतत नाही. त्याने वानराचे खाकरणे ऐकलेले असते, डोहाकाठचा माग वाचलेला असतो, पावशाचा निरोप घेतलेला असतो. ज्याच्याजवळ केवळ ‘साइटिंग’ आहे त्याची ती सकाळ फुकट गेलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी तो अधिक मोठ्याने ‘दाखवा’ म्हणतो. म्हणून शेजाऱ्याच्या प्रश्नाची मूळ रचना जपण्याजोगी आहे. ‘वाघ दिसला का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर संभवते आणि त्यात कोणाचाही अपराध नसतो, हे त्या क्रियापदाने आधीच मान्य केलेले आहे.